नवा प्रोसेसर घ्यायच्या आधी

एएमडीचा ९९५०एक्स३डी प्रोसेसर जाहीर झाल्यापासून उड्या मारायलास, पण थांब की जरा. तुझा जुना रायझन ३६०० एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसायची जागा), हा नवा एएम५चा. म्हणजे मदरबोर्ड नवा, डीडीआर५ रॅम नवी, शिवाय १७० वॉटची चिप थंड ठेवायला दांडगा कूलर. बेळगावच्या खडे बाजारात नुसत्या चिपचा भाव विचारून परत येऊ नकोस.

आधी गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघड. प्रोसेसरचा एकूण टक्का फसवतो, एकेक कोर (प्रोसेसरच्या आतला काम करणारा भाग) किती भरलाय ते बघ. ग्राफिक्स कार्डच ९५ टक्क्यांच्या पुढं पळत असेल, तर नवा प्रोसेसर घेऊन काय लोणचं घालणार? उलटं असेल, म्हणजे कार्ड मोकळं आणि कोर भरलेले, तर बायोस (मदरबोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डावर एएम४चाच ५७००एक्स३डी प्रोसेसर बसव (मिळाला तर!). ९९५०एक्स३डीचे सोळा कोर दिवसभर व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला लागतात. खानापूर-निपाणीच्या लग्नांच्या व्हिडिओंच्या ऑर्डरी घ्यायला लागलास की मग बोलू.