विंडोजवर एकच प्रोग्राम कमांड लाइन आणि विंडो, दोन्हीकडून कसा चालवायचा?

आर्ग्युमेंट (प्रोग्रामच्या नावापुढे टाइप केलेली जादा माहिती) दिलं तर टर्मिनलमधे आउटपुट यावं आणि डबल क्लिक केलं तर विंडो उघडावी, असं हवंय ना, तर लिनक्सवर हे सोपंय, सुरुवातीलाच आर्ग्युमेंट तपासा आणि त्याप्रमाणे पुढे जा, झालं. खरी अडचण विंडोजची, कारण तिथे एक्झीच्या (चालणाऱ्या फाइलच्या) हेडरमधेच सबसिस्टम, म्हणजे प्रोग्रामचा प्रकार, ठरलेली असते, २ म्हणजे जीयूआय (विंडोवाला), ३ म्हणजे कन्सोल (टर्मिनलवाला), आणि एका फाइलला एकच मिळते. कन्सोल निवडलं तर डबल क्लिकला मागे काळी विंडो दिसते, जीयूआय निवडलं आणि कमांड प्रॉम्प्टवर हाताने चालवलं तर कमांड प्रॉम्प्ट प्रोग्राम संपेपर्यंत थांबतच नाही, लगेच पुढचा प्रॉम्प्ट देतो. बरेच जण अटॅचकन्सोल (जीयूआय प्रोग्रामला आधीच उघड्या कन्सोलशी जोडणारं विंडोजचं फंक्शन) सुचवतात, चालतं ते, पण आउटपुट प्रॉम्प्टच्या नंतर कुठेतरी येऊन पडतं, मला ते अजिबात पटत नाही.

सरळ दोन फाइल करा. सगळं खरं काम एका लायब्ररीत, म्हणजे दोन्ही फाइल वापरतील अशा सामायिक कोडमधे टाका, तिच्यात प्रिंट पण नको आणि मेसेज बॉक्स पण नको, फक्त रिझल्ट परत द्यायचा. मग कन्सोलवाल्या फाइलला डॉट कॉम एक्स्टेन्शन द्या आणि विंडोवालीला डॉट एक्झी, नाव तेच. नुसतं नाव टाइप केलं की विंडोज डॉट कॉम आधी शोधतं, आणि शॉर्टकट डॉट एक्झीला जोडायचा. व्हिज्युअल स्टुडिओ आपल्या डेव्हएन्व्ह या मुख्य प्रोग्रामसाठी हेच करतं, पायथनची पण पायथन आणि पायथनडब्ल्यू (कन्सोलशिवाय चालणारी) अशी जोडी आहेच. एरर आली तर एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना परत देतो तो आकडा) शून्य सोडून दुसरा द्या, स्क्रिप्टवाल्यांना त्याचीच गरज असते.