आधी वाचक, मग पानं, मुखपृष्ठ शेवटी

प्रिय,

प्रकल्पासाठी तू काढणार असलेल्या संगीत मासिकाचं मुखपृष्ठ आणि लेखांची यादी मिळाली. मुखपृष्ठ देखणं आहे, पण सध्या ते बाजूला ठेव. यादीत मराठी रॅप आहे, नाट्यसंगीत आहे, मिरजेचा तानपुरा आहे, हलगी आहे आणि शेवटी 'गिटार शिका'सुद्धा आहे. १६ पानांत हे सगळं कोंबलंस तर प्रत्येक वाचकाला तीन पानं आपली वाटतील आणि बाकीची परकी. मीडिया स्टडीजच्या प्रकल्पात परीक्षक नेमकं इथंच बोट ठेवतात: हा अंक विकत कोण घेणार?

'संगीतप्रेमी तरुण' हे त्याचं उत्तर नव्हे. उत्तर असं हवं: सांगली-मिरज पट्ट्यातला, १६ ते १९ वर्षांचा, वाद्य शिकणारा मुलगा किंवा मुलगी, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांना बसणारा आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात किंवा बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवून चार पैसे मिळवणारा. इतकं नेमकं ठरलं की यादीतलं काय ठेवायचं ते दिसू लागतं. नाट्यसंगीताचा इतिहास गळतो. तानपुरा राहतो, पण कौतुकाचा लेख म्हणून नाही. तारांच्या घर्षणानं त्यांच्याखालच्या घोडीवर चर पडतात, मग आवाजातली झणक जाते आणि तार बसकी बोलते. जवारी, म्हणजे घोडी घासून पुन्हा नीट करणं, कधी करून घ्यायची, हे त्या मुलाला कामाचं आहे. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही बातमी त्याच लेखात एका चौकटीत बसेल. पंढरपूर-मंगळवेढा भागातून येणारे भोपळे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कसे वाळवतात, कापतात, याचे फोटो तर सोन्यासारखे मिळतील.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण बघ. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं आणि पुढं त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं. स्त्रियांसाठी १९३० मध्ये 'स्त्री' आणि तरुणांसाठी १९३४ मध्ये 'मनोहर' अशी वेगळी मासिकं त्यांनी काढली. सगळं एकाच अंकात घालायचा मोह त्यांनाही झाला असता की.

आता पाहणी. गुगल फॉर्म व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मोकळी होऊ नकोस. उत्तरं तुझ्याच वर्गातून येतील, आणि तुझे मित्र म्हणजे तुझा वाचक नव्हे. मिरजेच्या मिरासाहेब दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेत फॉर्म वाटलेस तर जाणकार भेटतील, पण त्यांतले बहुतेक वयानं मोठे असतील. संगीत विद्यालयाची संध्याकाळची बॅच सुटते तिथं उभी राहा, ऑर्केस्ट्राच्या तालमीला जा. २५-३० जण पुरेत, प्रश्न १० च्या वर नकोत. आधी पाचजणांकडून फॉर्म भरून घे. कुठला प्रश्न कळत नाही ते तिथंच समजतं.

प्रश्नांवर मात्र वेळ घाल. 'तुम्हाला संगीत आवडतं का?' याला नाही कोण म्हणेल? 'मासिक विकत घ्याल का?' यालाही लोक भिडेपोटी हो म्हणतात. म्हणून झालेल्या गोष्टी विचार. गेल्या आठवड्यात ऐकलेली शेवटची तीन गाणी कुठली, ती कशावर ऐकली? वाद्यावर शेवटचा खर्च किती केला, कशासाठी? शेवटचं छापील मासिक कधी विकत घेतलं? किमतीचा अंदाज हवा असेल तर एकच पान दोन कागदांवर छापून हातात दे, एक ८० जीएसएमचा साधा मॅपलिथो आणि एक १३० जीएसएमचा गुळगुळीत आर्ट पेपर (जीएसएम म्हणजे चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), आणि कुठल्याला किती देशील ते विचार. त्यानंतर चौघापाचजणांशी निवांत बोल. फॉर्ममधून आकडे मिळतात, कारणं बोलण्यातूनच मिळतात.

प्रकल्पवहीत नुसते पाय चार्ट चिकटवू नकोस. प्रत्येक निष्कर्षासमोर 'म्हणून काय बदललं' ही एक ओळ हवी. ती नसेल तर पाहणी करूनही न केल्यासारखीच.

बाजारातल्या अंकांचा अभ्यास पट्टी घेऊन कर. तीन अंक निवड: एखादा इंग्रजी, 'रोलिंग स्टोन'सारखा, हाथरसचं 'संगीत', आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं 'संगीत कला विहार'. प्रत्येकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि मुख्य लेखाची समोरासमोरची दोन पानं, अशी नऊ नमुन्यांची मापं काढ. मासिकाच्या नावाची उंची किती मिलिमीटर, मुखपृष्ठावर किती मथळे, किती प्रकारचे टाइप (फॉन्ट), कलाकार कॅमेऱ्याकडे बघतोय की वाद्याकडे, जोडपानावर शब्द अंदाजे किती. 'आकर्षक रंगसंगती' असलं वाक्य लिहावंसं वाटलं की थांब आणि रंग मोज.

मग पानांचा आराखडा. मधोमध पिना मारायच्या अंकाची पानं चारच्या पटीत लागतात, कारण एक ए-थ्री कागद दुमडला की ए-फोरची चार पानं होतात. १६ पानं म्हणजे चार कागद. कोरे कागद दुमडून डमी कर, पानांना पेन्सिलीनं आकडे घाल. मग दिसेल की ८ आणि ९ ही दोनच आतली पानं एका सलग कागदावर येतात. दोन्ही पानांवर पसरणारा मोठा फोटो तिथंच टाक. ४-५ किंवा ६-७ वर टाकलास तर अर्धा फोटो एका कागदावर आणि अर्धा दुसऱ्यावर जातो; घडीत मिलिमीटरभर फरक पडला तरी सतारीची दांडी मोडल्यासारखी दिसते.

मराठी मजकुराला इंग्रजी अंकाचा साचा जसाच्या तसा चालत नाही. वेलांट्या, रफार वर जातात, उकार खाली येतात, १०.५ पॉइंटचा टाइप असेल तर ओळीला १५-१६ पॉइंट जागा दे. १५ मिलिमीटर समास सोडून ए-फोरवर तीन रकाने केलेस तर रकाना जेमतेम ५६ मिलिमीटरचा होतो. आपले शब्द लांब, आणि ते ओळीच्या शेवटी नीट तोडले जात नाहीत. दोन्ही कडा सरळ केल्या की शब्दांमध्ये भगदाडं पडतात. दोन रकाने घे, नाहीतर उजवी कड मोकळी सोड. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय) निवडला नाहीस तर ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी बसते आणि जोडाक्षरं फुटतात. मजकूर युनिकोडमध्येच टाइप कर. छापखान्यात श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बदलून घेतलास तर पुन्हा सगळं प्रूफ वाचावं लागेल, म्हणून फॉन्ट आत घातलेली पीडीएफच दे. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेव. चार रंग मिसळून केलेला काळा जरा सरकला की अक्षराला सावली येते.

पूर्ण पानाच्या फोटोला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरून, ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, साधारण २५५१ बाय ३५७९ पिक्सेल लागतात. साधा मोबाइल पुरतो. घोळ होतो तो फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवल्यावर, कारण ते फोटो दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून मागव. स्क्रीनवरचा झगझगीत निळा-हिरवा छपाईत मळतो, तेव्हा रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांमध्ये, बदलूनच पसंत कर.

परवानग्या लेखी घे. १८ वर्षांखालच्या कलाकाराच्या पालकांचीही. अख्खं गाणं छापू नकोस. गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. परीक्षणात दोन ओळी उद्धृत करणं वेगळं. बारकोडही दुसऱ्या अंकाचा उचलू नकोस, नुसती चौकट चालते.

छपाईची तारीख मात्र आत्ताच विचारून ठेव. दिवाळी अंकांच्या हंगामात छोट्या कामाला छापखान्यात कुणी उभं करत नाही. आधी एकच प्रत काढून घे, ती दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घे, आणि मग बाकीच्या प्रती सांग.

तुझ्या प्रकल्पाला शुभेच्छा.