शॉवरच्या कोपऱ्यात ग्राऊट की सिलिकॉन?

प्रश्न : काका, आमच्या बाथरूममध्ये शॉवरखाली भिंत आणि फरशी मिळते तिथला ग्राऊट दर उन्हाळ्यात तडकतो. मिस्त्री पांढरं सिमेंट भरून जातो, पुन्हा तेच. जाऊबाई म्हणतात, सगळीकडं सिलिकॉनच मारून घ्या. आता मागच्या खोलीच्या भिंतीला ओलही दिसतेय. काय करू? – एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, सगळीकडं सिलिकॉन नको आणि त्या कोपऱ्यात ग्राऊट नको. एकाच भिंतीवरच्या टाइल्समधल्या दर्जा, म्हणजे फटी, ग्राऊटनंच भराव्यात. भिंत आणि फरशीचं मात्र वेगळं असतं, दोन्ही आपापल्या परीनं हलतात. त्यात आपली काळी माती! पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावरचं घर थोडंफार हलतंच. मे महिन्यात पारा 42 च्या वर गेला की भिंतीही तापून प्रसरण पावतात. सिमेंटच्या ग्राऊटला ताण सोसत नाही. मिस्त्र्याला बोल लावू नका, ती जागाच ग्राऊटची नाही.

तिथं रबरासारखं ताणलं जाणारं सिलिकॉन हवं. दोन भिंतींच्या उभ्या कोपऱ्यात आणि नळाच्या पाइपाभोवतीसुद्धा. दुकानात ‘न्यूट्रल’ आणि बुरशीरोधक म्हणून मागा. ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते घेऊ नका. खाली शहाबादी किंवा मार्बल असेल तर अजिबातच नको, त्यातलं आम्ल चुनखडीच्या दगडाला खातं. ॲक्रिलिक सीलंटही सततच्या पाण्यात टिकत नाही.

खरी मेहनत आधीची आहे. जुनं सिमेंट ब्लेडनं पूर्ण खरवडून काढा. वरच्यावर फासलेलं सिलिकॉन काही महिन्यांत सालीसारखं निघतं, आणि बहुतेक ठिकाणी मी हेच पाहतो. सांधा कोरडा ठणठणीत हवा. दोन्ही बाजूंना टेप लावून सिलिकॉन भरा, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट फिरवा आणि लगेच टेप काढा. पुढं 24 तास पाणी नको. बाथरूम एकच असेल तर लग्नकार्याला गावी निघायच्या वेळी हे काम उरका.

एक कळकळीची विनंती. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढायला ॲसिड ओतू नका. डागांबरोबर ग्राऊटमधलं सिमेंटही विरघळतं. आंघोळीनंतर वायपर फिरवला तरी डाग कमी पडतात. शॉवरजवळच्या दर्जा नव्यानं भरायच्याच असतील तर इपॉक्सी ग्राऊट घ्या. महाग आहे, पण पाणी शोषत नाही. उन्हाळ्यात तो हातातच घट्ट होऊ लागतो, म्हणून सकाळच्या गारव्यात थोडा थोडा कालवायला सांगा.

राहिली ओल. ग्राऊट किंवा सिलिकॉन म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे, वॉटरप्रूफिंगचा थर टाइलच्या खाली असतो. सिलिकॉन आणण्याआधी नहाणी ट्रॅपला (फरशीतल्या पाणी जायच्या भोकाला) घट्ट बोळा लावून फरशीवर इंचभर पाणी साठवा, पातळीची खूण करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी चांगलंच उतरलं, तर आधी बोळा सुटला नाही ना हे तपासा. बोळा घट्ट असेल, तर फरशी उचलून खालचं वॉटरप्रूफिंग नव्यानं करावं लागेल. पाणी तेवढंच राहिलं आणि ओल तरीही वाढतेय, तर प्लंबरला बोलावून भिंतीतला पाइप तपासून घ्या.