केमोच्या दिवशी सुगंधी तेल वापरावं का?

प्रश्न : आईची केमोथेरपी सुरू आहे. दवाखान्याच्या पायऱ्या चढतानाच तिला मळमळतं, जीव घाबरा होतो. लॅव्हेंडर आणि पेपरमिंटचं तेल आणि डिफ्यूझर, म्हणजे वास खोलीभर पसरवणारं यंत्र, आणला आहे. किती थेंब घालू?

उत्तर : डिफ्यूझर तूर्त बाजूला ठेवा. तो बंद केला तरी वास पडद्यांत, चादरीत मुरून राहतो आणि मळमळणाऱ्या माणसाला त्यापासून सुटका नसते. शेजारच्या खाटेवर दम्याचा रुग्ण असेल तर त्यालाही त्रास.

त्याऐवजी घट्ट झाकणाची छोटी काचेची डबी घ्या. आत कापसाचा बोळा, त्यावर एकच थेंब. डबी नाकापासून वीतभर लांब धरून तीन-चार संथ श्वास घ्यायचे आणि झाकण लावायचं. डबी आईच्या हातात असू द्या. नको वाटलं की तिला स्वतः बंद करता आली पाहिजे. वास पुरेसा येत नाही म्हणून पाच-सहा थेंब टाकले जातात आणि डोकं चढतं, मळमळ उलट वाढते. मळमळीसाठी पेपरमिंट, धाकधुकीसाठी लॅव्हेंडर. दोन्ही एकत्र नकोत.

पायऱ्यांवरच मळमळतं, कारण मेंदूने त्या जागेची गाठ उलटीशी बांधली आहे. वास आणि आठवण यांचं नातं मेंदूत फार जवळचं. त्यामुळे तिच्या आवडीचा वास केमोच्या दिवशी मुळीच वापरू नका, पुढे तोच नकोसा होईल. निवडलेला वास आधी घरी, बरं वाटत असताना, हुंगवून पाहा. सुगंधाने मळमळ कमी होते का, याबद्दल संशोधनाचे निष्कर्ष संमिश्र आहेत आणि संथ श्वासाचाही यात वाटा असतो. उलटीची गोळी मात्र ठरल्या वेळी गेलीच पाहिजे. आणि पायऱ्यांवरच्या मळमळीबद्दल डॉक्टरांना जरूर सांगा, त्यावर वेगळं औषध देता येतं.

प्रश्न : हेच तेल तिच्या पायांना चोळलं तर?

उत्तर : डॉक्टरांना विचारून, पण नुसतं कधीच नाही. 30 मिली सूर्यफुलाच्या तेलात लॅव्हेंडरचे 6 थेंब, म्हणजे साधारण 1 टक्का. आजारात त्वचा हळवी होते, याहून जास्त नको. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून 48 तास थांबा. पुरळ पुष्कळदा दुसऱ्या दिवशी उठतं. बाटली उघडी राहिली की लॅव्हेंडरमधल्या लिनॅलूल या सुगंधी घटकाचा हवेशी संयोग होतो आणि त्यातून ॲलर्जी करणारे घटक तयार होतात. जुनी बाटली म्हणूनच टाकून द्या.

रेडिएशनची जागा, जखम, सलाईनची सुई किंवा पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) यांच्या आसपास तेल लावू नका. प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतील तर चोळू नका, हलक्या हाताने नुसतं लावा. एकच पाय सुजला, गरम लागला, दुखू लागला तर त्याला हातही न लावता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, रक्ताची गुठळी असू शकते. ऑक्सिजन सुरू असेल तर तेलाची डबीही जवळ नको. ही तेलं पेट घेतात.