कॅरिबियनला आठवडाभर, बरोबर शाकाहारी सासू-सासरे: राहायचं कुठे, खायचं काय, खर्च किती?

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं. न्यू जर्सीहून निघणारी पाच माणसं, त्यात दोघं पक्के शाकाहारी, एक आठ वर्षांचं पोर, आणि 'सगळं धरून'वालं (राहणं, जेवण, दारू एकाच रकमेत) पॅकेज घ्यावं की अपार्टमेंट. आमच्या घरात तीन वर्षांपूर्वी अगदी हीच खलबतं चालली होती. जमैकातल्या एका रिसॉर्टचा भाव काढला तर दोन खोल्या, सात रात्री, विमान वेगळं, आणि आकडा साडेसहा हजार डॉलरच्या वर. त्यात खरी किंमत दारूची आणि मासे-मटणाची. आमचे बाबा लिंबू सोडा पिणार आणि आई काकडी-टोमॅटो खाणार. लोकांच्या रमचे पैसे आपण का भरायचे?

म्हणून आम्ही मार्चमध्ये त्रिनिदाद-टोबॅगो या दोन बेटांच्या देशात गेलो. शाकाहारी वडीलधारी बरोबर असतील तर बेट समुद्र बघून निवडू नका, समुद्र सगळीकडे निळाच असतो. जेवण बघून निवडा.

30 मे 1845 रोजी मळ्यांवर राबायला आणलेले पहिले भारतीय मजूर 'फतेल रझाक' जहाजातून त्रिनिदादला उतरले. पुढे आलेल्यांपैकी बहुतेक भोजपुरी मुलखातले. त्यांचा स्वयंपाक आज तिथल्या रस्त्यारस्त्यावर आहे. सकाळी 'डबल्स' खायचे: दोन मऊ तळलेले 'बारा', त्यांवर छोले, चिंच, काकडी. एकाला साधारण एक अमेरिकन डॉलर. विकणारा तिखट किती विचारतो, तेव्हा 'स्लाइट' म्हणा. आमच्या घरच्या कोल्हापूरकरांनी ऐकलं नाही आणि गाडीत दहा मिनिटं नाक पुसत बसले. दुपारी रोटीच्या दुकानात दालपुरी आणि बैगन चोखा. दालपुरी म्हणजे डाळीचं सारण भरलेली मोठी मऊ पोळी, पहिला घास घेऊन आई म्हणाल्या, "पुरणात गूळ घालायला विसरले वाटतं." दुसऱ्या दिवशी त्यांनीच आणखी दोन मागवल्या.

फक्त एक लक्षात ठेवा. कॅलालू नावाची हिरवी, अळूच्या फदफद्यासारखी दिसणारी भाजी मिळते, तिच्यात बरेचदा खेकडा किंवा खारवलेलं मांस असतं. डाळ-भाताच्या पातेल्यातही कधी डुकराची खारवलेली शेपटी सापडते. दरवेळी विचारायचं, लाजायचं नाही.

राहण्याचं असं केलं: दोन रात्री त्रिनिदाद, पाच टोबॅगो. त्रिनिदादला साध्या गेस्ट हाउसमध्ये दोन खोल्या घेतल्या. टोबॅगोत क्राउन पॉइंटला दोन बेडरूमचं, स्वयंपाकघर असलेलं घर, रात्रीचे सुमारे 130 डॉलर. तिथे विमानतळच गावात आहे. उतरून चालत स्टोअर बेच्या किनाऱ्यावर जाता येतं. घरमालकिणीला तवा हवा असं हातवारे करत समजावत होते, तर ती म्हणाली, "तवा? खालच्या कपाटात." तिथेही तव्याला तवाच म्हणतात! किराणा मात्र त्रिनिदादमध्येच भरा, टोबॅगोत बराच माल बोटीने येतो म्हणून महाग पडतो. शांतता हवी असेल तर कस्तारा हे कोळ्यांचं गाव सुंदर आहे, पण चढ-उतार फार, गुडघेदुखीवाल्यांना नको.

त्रिनिदादहून टोबॅगोला विमान 25 मिनिटांचं. फेरी स्वस्त आहे, पण तीन-साडेतीन तास लागतात आणि समुद्र हलवून सोडतो. वडीलधाऱ्यांसाठी विमानच.

आता पैसे. पहिल्या संध्याकाळी हॉटेलात मेन्यू बघून बाबा उठायलाच निघाले: "नव्वद डॉलरची भाजी?" ते त्रिनिदादचे डॉलर. एका अमेरिकन डॉलरला तिकडचे पावणेसातच्या आसपास मिळतात, म्हणजे भाजी तेरा डॉलरची झाली. ही गंमत बऱ्याच बेटांवर आहे. एका अमेरिकन डॉलरला बार्बाडोसला तिकडचे दोन मिळतात, ग्रेनाडा-सेंट लुशियाकडे 2.70. भाव विचारताना 'कुठले डॉलर?' हे आधी विचारा. आणि त्रिनिदाद-टोबॅगोत हॉटेलच्या दरावर खोलीचा 10 टक्के कर किंवा 12.5 टक्के व्हॅट, शिवाय सेवाशुल्क लागू शकतं, म्हणून एकूण आकडा लेखी मागा.

आमचा हिशेब, न्यू यॉर्कचं विमान सोडून: राहणं हजार, भाड्याची गाडी तीनशे, मधलं विमान तीनशे, खाणं साडेपाचशे, टोबॅगोजवळच्या बूकू रीफची, म्हणजे प्रवाळ बघायची, काचेच्या तळाची बोट सव्वाशे. सव्वादोन हजारांच्या आसपास. बोट नायलॉन पूलला थांबते, भर समुद्रात कमरेएवढं पाणी. पोहता न येणाऱ्या आई तिथे तासभर उभ्या होत्या. गाडी डावीकडून चालते, भारतात चालवलेल्याला हातखंडा काम.

जानेवारी ते मे कोरडा काळ. कार्निव्हल या तिथल्या मोठ्या उत्सवाचा आठवडा मात्र टाळा, तेव्हा भाव अवाच्या सवा होतात. चक्रीवादळांच्या मुख्य पट्ट्याच्या ही बेटं जरा खाली आहेत, तरी 1963 साली फ्लोरा चक्रीवादळाने टोबॅगोची वाताहत केली होती, त्यामुळे जून-नोव्हेंबरात जाणार असाल तर विमा काढाच.

त्रिनिदादमध्ये गुन्हेगारी आहे, ते लपवत नाही. 2024च्या डिसेंबरअखेर तिथे आणीबाणी जाहीर झाली होती. तिकीट काढण्याआधी अमेरिकी सरकारची ताजी सूचना वाचा, आणि पोर्ट ऑफ स्पेन या राजधानीत रात्री पायी भटकू नका. आम्ही अंधार पडायच्या आत खोलीवर असायचो.

तुम्ही एच-वनवर, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर असाल, तर पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का चालू आहे ना ते आजच बघा. कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या फेरीनंतर संपलेल्या शिक्क्यावरही परत येऊ देणारी सवलत या बेटांवरून परतताना एच-वनला नाही. शिक्का संपला असेल तर प्वेर्तो रिकोला जा, ते अमेरिकेच्याच हद्दीत आहे. फक्त तिथे बाबांच्या जेवणाची सोय तुम्हालाच पिशवीतून न्यावी लागेल.