जन्मसिद्ध की नैसर्गिक?

सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक, त्याच्या ‘नॅचरल राइट्स’ना मराठीत ‘जन्मसिद्ध हक्क’ म्हटलं तर चालेल का, आणि ‘नॅचरल लॉ’ म्हणजे ‘निसर्गनियम’च ना, असे दोन प्रश्न एका भाषांतर करणाऱ्या मैत्रिणीने विचारले आहेत.

दुसऱ्याचं उत्तर सोपं. निसर्गनियम नको. वर फेकलेला दगड खाली येतो हा निसर्गनियम; दगडाची इच्छा असो वा नसो. मध्ययुगातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस ज्याबद्दल बोलतो तो नियम माणसाला बुद्धीने कळतो आणि तरी मोडता येतो. राजाने मोडला तर त्याला जाब विचारायला आधार मिळतो, हीच तर त्याची गंमत. म्हणून ‘नैसर्गिक कायदा’. (कोर्टातला ‘नैसर्गिक न्याय’ त्याच घराण्यातला, पण व्यवहारात त्याचा अर्थ बराच आटोपशीर: दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल नको, आणि आपल्याच भांडणात आपण न्यायाधीश नको.) लॅटिनमध्ये ‘यूस’ या एका शब्दात कायदाही येतो, हक्कही. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जला १६५१ साली ‘लेव्हायथन’ या ग्रंथात मुद्दाम सांगावं लागलं की हक्क म्हणजे मोकळीक आणि कायदा म्हणजे बंधन. आपल्याकडे दोन शब्द आयते आहेत, दोन्ही अरबीतून आलेले. ‘नाहक’ म्हणताना त्यात हक्क दडलाय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आता ‘जन्मसिद्ध’. इथे मात्र जपून.

मराठी मुलखात जन्माने मिळणारा हक्क म्हणजे शतकानुशतकं वतन. पाटलाच्या पोटी आला म्हणून पाटीलकी, कुलकर्ण्याच्या पोटी आला म्हणून कुलकर्ण. महारांचे ‘बावन्न हक्क’ बिदरच्या बादशहाने दिले अशी परंपरा सांगतात. पण त्या वतनाबरोबर गावकीची राबणूकही पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात पडायची. ते वतन आंबेडकरांना बेडी वाटलं, आणि १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती करायला त्यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं.

युरोपातला हक्कांचा वाद नेमका याच खाचेत अडकला होता. ब्रिटिश राजकारणी आणि विचारवंत एडमंड बर्कने १७९० साली फ्रेंच क्रांतीवर टीका करताना इंग्रजांचे हक्क हा पूर्वजांकडून आलेला, पुढच्या पिढीला तसाच सोपवायचा वारसा आहे असं मांडलं. आपल्या भाषेत वतनच! पुढच्याच वर्षी क्रांतीची बाजू घेणाऱ्या टॉमस पेनने ‘राइट्स ऑफ मॅन’मध्ये त्याला उत्तर दिलं: वारसा शोधत मागे जायचंच तर मध्येच का थांबता, थेट माणूस निर्माण झाला तिथवर जा, तिथे सगळे सारखेच. जोतीराव फुल्यांनी पेन वाचला होता. त्यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’मध्ये हक्क देणारा आहे तो निर्मीक, आणि स्त्री-पुरुष सगळ्यांना सारखे देणारा. घराण्याचा तिथे प्रश्नच उरत नाही.

मग टिळकांच्या घोषणेतला ‘जन्मसिद्ध हक्क’? तो इंग्रजीतल्या ‘बर्थराइट’चा, आणि मला तिथे तो शोभतोही. त्यातला जन्म कुळातला नाही, देशातला आहे. शिवाय समोर जे इंग्रज होते त्यांना त्यांचाच शब्द परत ऐकवलेला. घोषणेला ती धार हवीच.

लॉकचं तसं नाही. जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता यांवरचे त्याचे हक्क राज्यसंस्था उभी राहण्याआधीचे, कुठल्याही देशातल्या माणसाचे. त्याला ‘नैसर्गिक हक्क’ लिहा. ‘जन्मसिद्ध’ बर्कसाठी राखून ठेवा.