बोलर ट्रेलरचे अस्तर आणि दोन वर्षांची मुदत

कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या किचनरच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. १९७० च्या दशकातला तेरा फुटी फायबरग्लासचा बोलर ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायचे छोटे फिरते घर, त्यांनी २०२३ च्या उन्हाळ्यात एका खासगी विक्रेत्याकडून ‘आहे त्या स्थितीत’ घेतला. आतले जुने अस्तर जागोजागी सुटले होते, म्हणून ते काढून नवे बसवण्याचे काम एका वर्कशॉपला दिले. अंदाजपत्रक ४,८०० डॉलरचे होते, भरले ५,९००. ट्रेलर १४ जून २०२४ रोजी ताब्यात आला आणि त्याच सप्टेंबरात मागच्या खिडकीवरचे नवे अस्तर लोंबू लागले, खाली हाताला ओल लागू लागली. वर्कशॉपचा मालक तेव्हापासून ‘करून देतो’ म्हणत आहे, मे २०२५ मध्ये त्याने एकदा अस्तर पुन्हा चिकटवूनही दिले, आणि बिलाच्या मागे ‘कामाची हमी तीस दिवस’ असे छापले आहे. दावा करता येईल का, आणि त्या तीस दिवसांमुळे सगळे हातचे गेले का, असे त्यांनी विचारले आहे.

स्वयंपाकघराचे नूतनीकरण, गळके छप्पर, बेसमेंटचे वॉटरप्रूफिंग, अशा कितीतरी प्रश्नांतून मला हीच हकिकत वाचायला मिळते, म्हणून काम निकृष्ट होते की नव्हते या चर्चेत मी आधी शिरत नाही. तुमच्या प्रकरणात निर्णायक गोष्ट एकच आहे आणि ती बिलाच्या मागे छापलेली नाही. ती ओंटारियोच्या २००२ च्या मुदत कायद्यात आहे. त्याच्या कलम ४ प्रमाणे, हानी झाल्याचे कळल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा दाखल झाला नाही, तर तुमची बाजू कितीही न्याय्य असली तरी न्यायालय ती ऐकणार नाही.

हे दोन वर्षांचे मोजमाप कोणत्या दिवसापासून धरायचे, यावर वाद होऊ शकतो. कलम ५ म्हणते की, उलट सिद्ध होईपर्यंत, ज्या दिवशी चुकीची कृती घडली त्याच दिवशी ती तुम्हाला कळली असे गृहीत धरले जाईल. म्हणजे प्रतिपक्ष १४ जून २०२४ पासूनच, किंबहुना प्रत्यक्ष काम त्याआधीच्या दिवसांत झाले असल्याने त्याच्याही आधीपासून मोजायला सांगेल. तुम्ही सप्टेंबरकडे बोट दाखवाल, आणि २ सप्टेंबर २०२४ चा तुमचा ईमेल तुमच्या उपयोगाला येईल. मात्र त्याच ईमेलमुळे सप्टेंबरनंतरची कोणतीही तारीख सांगणे तुम्हाला कठीण जाईल, कारण ‘अस्तर सुटले आहे, मागे पाणी आहे आणि हे तुमच्या कामामुळे झाले आहे’ असे तुम्ही स्वतःच त्यात लिहिले आहे.

यापुढे तुम्ही लिहिता की मालकाने गेल्या हिवाळ्यात ईमेलवर चूक मान्य केली, त्यामुळे मुदत नव्याने सुरू झाली असेल. ही समजूत भारतातून आपल्याबरोबर आली आहे आणि ती मला फार वेळा भेटते. तिकडे कराराच्या दाव्याला सामान्यतः तीन वर्षे मिळतात, आणि मुदत संपण्याआधी दायित्वाची लेखी कबुली मिळाली तर १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या कलम १८ खाली मुदत पुन्हा मोजता येते. ओंटारियोत कबुलीचा असा लाभ मुख्यतः ठरलेल्या रकमेच्या देण्यापुरता आहे; ‘तुमचे काम नीट झाले नाही, पुन्हा करून देतो’ या वाक्याने नुकसानभरपाईच्या दाव्याची मुदत वाढेल यावर मी एक दिवसही विसंबणार नाही. दुरुस्ती करणारा स्वतःच दोष दूर करण्याचा प्रामाणिक प्रयत्न करत असेल, तर तेवढ्या काळात दावा लावणे हा योग्य मार्ग नव्हता, असा युक्तिवाद इथल्या न्यायालयांनी काही प्रकरणांत मान्य केला आहे हे खरे आहे. मे २०२५ मधल्या दुरुस्तीमुळे तुम्हालाही तो करता येईल. पण हा युक्तिवाद मुदत हुकलेल्या माणसाने करायचा असतो. मुदत अजून हातात असलेल्याने त्याच्या भरवशावर थांबणे मला मुळीच मान्य नाही, आणि दीड वर्षाहून अधिक काळ केवळ ‘बघतो, करतो’ या शब्दांवर तुम्ही काढलात याबद्दलही मला स्पष्ट नाराजी नोंदवली पाहिजे. त्या काळात पाठवलेली एक रीतसर नोटीस आजच्या या घाईपेक्षा कितीतरी स्वस्त पडली असती.

म्हणून १४ जूनच्याही आधीचा हिशेब गृहीत धरून तुमच्यासाठी तारीख मी मे २०२६ अखेरची धरतो. तोवर स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांच्या न्यायालयात, दावा दाखल झालाच पाहिजे. मालकाला खरोखरच काम करून द्यायचे असेल आणि तुम्हालाही ते हवे असेल, तर दुसरा एकच सुरक्षित मार्ग आहे: कलम २२ खाली मुदत स्थगित ठेवण्याचा लेखी करार, ज्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या आणि स्थगितीची तारीख असेल. असा करार सुचवल्यावर मालक टाळाटाळ करू लागला, तर त्याच्या आश्वासनांची किंमत तुम्हाला आपोआप कळेल. त्यानंतर एक आठवडाही वाट पाहू नका.

आता त्या तीस दिवसांबद्दल. २००२ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम ९ सेवा वाजवी दर्जाची असेल अशी हमी करारात आपोआप घालते आणि ती काढून टाकणारी अट निरर्थक ठरवते. त्यामुळे बिलामागच्या छापील ओळीने तुम्ही घाबरण्याचे कारण नाही. मात्र तुम्ही ट्रेलर उन्हाळ्यात अधूनमधून भाड्याने देता असे ओझरते लिहिले आहे. ते किती वेळा आणि किती पैशांसाठी, यावर तुम्ही ‘ग्राहक’ ठरता की नाही हे अवलंबून राहील, आणि तुमचे कागद पाहिल्याशिवाय त्यावर मी ठाम मत देणार नाही. ग्राहक न ठरलात तरी करारभंगाचा आणि निष्काळजीपणाचा दावा उरतोच.

अंदाजपत्रकापेक्षा जास्त घेतलेल्या १,१०० डॉलरबद्दल तुमचा राग रास्त आहे, कारण दहा टक्क्यांहून अधिक वाढीव रक्कम तुमच्या संमतीशिवाय आकारता येत नाही. पण या कायद्याखाली परतावा मागण्याची नोटीस पैसे भरल्यापासून एका वर्षाच्या आत द्यायची असते, आणि ते वर्ष तुम्ही जाऊ दिले आहे. ही रक्कम मागणीत जरूर घाला, पण ती मिळेलच असे धरू नका. मूळ विक्रेत्याचा विचार सोडून द्या. ‘आहे त्या स्थितीत’ विकणाऱ्या खासगी माणसाने दोष जाणूनबुजून लपवला हे सिद्ध करायला तुमच्याकडे काही दिसत नाही, आणि त्याची मुदतही उलटून गेली आहे.

पुराव्याबाबत मात्र मी सविस्तर सांगतो, कारण तुम्ही पाठवलेल्या फोटोंत दावा जिंकण्याजोगे बरेच काही आहे आणि तुम्ही ते येत्या शनिवारी खरवडून काढायच्या बेतात आहात. तसे करू नका. या जुन्या ट्रेलरमध्ये मूळ अस्तर एन्सोलाइटचे, म्हणजे बंद पेशींचा फोम आणि वर व्हिनाइलचा थर अशा प्रकारचे, थेट फायबरग्लासच्या कवचावर चिकटवलेले असे. वर्कशॉपने त्या जागी मोटारीच्या छताला लावतात ते फोमच्या पाठीचे कापड वापरलेले दिसते. तुमच्या तिसऱ्या फोटोत कापड सुटून खाली आले आहे, फोमचा भुसा कवचाला तसाच चिकटून राहिला आहे, आणि त्याखाली जुन्या गोंदाचे पिवळे पट्टे स्पष्ट दिसतात. अंदाजपत्रकात ‘पृष्ठभाग साफ करून नवे अस्तर बसवणे’ असे शब्द आहेत. साफसफाई झालीच नाही, हे तो एक फोटो सांगतो.

ओलीचा मुद्दा त्यापेक्षा अवघड आहे. वरच्या कपाटांना धरून ठेवणारे पॉप रिव्हेट, म्हणजे धातूच्या छोट्या खिळ्या, कवचातून आरपार जातात, आणि जुन्या बोलरमध्ये पाणी शिरते ते बहुधा याच छिद्रांतून, खिडकीच्या रबरातून किंवा छताच्या झरोक्याच्या कडेने. गळती आधीपासून होती आणि ती थांबवणे आमच्या कामात नव्हते, असे प्रतिपक्ष म्हणेल, आणि अंदाजपत्रकाची भाषा त्याला काही प्रमाणात साथ देते. तुमचे उत्तर असे हवे की, कवच उघडे पडल्यावर रिव्हेटभोवतीचे तपकिरी डाग त्याच्या डोळ्यांसमोर होते, आणि ओल्या पृष्ठभागावर अस्तर चिकटवण्याआधी ग्राहकाला तसे सांगणे हे कोणत्याही जाणत्या कारागिराचे कर्तव्य आहे. हे उत्तर न्यायाधीशाला पटेल असे मला वाटते, पण खात्री देत नाही.

तेव्हा दुसऱ्या एखाद्या दुरुस्ती करणाऱ्याकडून ट्रेलर तपासून घ्या. त्याने कवचाची ओल मीटरने मोजावी, गळतीच्या जागा फोटोंसह लिहाव्यात, पुन्हा काम करण्याचा खर्च द्यावा आणि खाली सही करावी. सुटलेल्या अस्तराचा हातभर तुकडा, गोंदाची बाजू शाबूत ठेवून, तारखेच्या चिठ्ठीसह जपून ठेवा. एवढे झाल्यावर ट्रेलर ताडपत्रीखाली घ्या, कारण नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी तुमचीही आहे आणि दरम्यान कुजलेल्या फळ्यांचा खर्च न्यायालय तुमच्याच खात्यावर टाकू शकते. हा लेखी अहवाल सुनावणीत वापरायचा असेल, तर तो प्रतिपक्षाला सुनावणीच्या किमान तीस दिवस आधी पोचला पाहिजे.

स्मॉल क्लेम्स कोर्टाची मर्यादा १ ऑक्टोबर २०२५ पासून ५०,००० डॉलर झाली आहे, त्यामुळे रकमेची अडचण नाही. अडचण वेळेची आहे. बचावाचे निवेदन आल्यावर नव्वद दिवसांत समेटाची बैठक व्हावी असा नियम असला तरी प्रत्यक्षात ती बरीच लांबते, सुनावणी त्याहून लांबते, आणि सामान्य माणसाचे पाच-सहा हजार डॉलर अशा रांगेत अडकून राहतात याची मला दर वेळी चीड येते. तरीही बैठकीला पूर्ण तयारीने जा. तिसरा फोटो आणि सही केलेला अहवाल समोर असताना असे वाद पुष्कळदा तिथेच मिटतात.

दाव्यात प्रतिवादी म्हणून मालकाचे पाटीवरचे नाव घालू नका. व्यवसाय कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर तिचे नोंदणीकृत नाव शोधून तेच घाला, कारण चुकीच्या नावाची दुरुस्ती मुदत संपल्यावर करावी लागली तर तो आणखी एक वाद होतो. दावा दाखल झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो बजावला गेला पाहिजे. अंदाजपत्रक, बिल, सगळे ईमेल आणि मे २०२५ च्या दुरुस्तीचा कोणताही कागद तारखेच्या क्रमाने लावून याच आठवड्यात जवळच्या वकिलाला किंवा परवानाधारक पॅरालीगलला (वकील नसलेला, पण असे छोटे दावे चालवण्याची परवानगी असलेला व्यावसायिक) दाखवा, आणि भेटीच्या सुरुवातीलाच १४ जून २०२४ ही तारीख सांगा.